टेकडीवरचे पाहुणे

बोरिवली पश्चिमेला माउंट पॉईन्सूर नावाची टेकडी आहे. नाव ऐकून कुणी चढायच्या तयारीने आला तर त्याची फसगत होते. रिक्षा जराशी कण्हते, आणि तेवढ्यात टेकडी संपलेली असते. तिच्या कुशीत मंडपेश्वरची लेणी आहेत. लेण्यांच्या थेट डोक्यावर पोर्तुगीज काळातल्या मठाच्या छप्पर उडालेल्या भिंती. आसपास चर्च, शाळा, आयसी कॉलनीतल्या इमारती, आणि त्यांच्यातच १९९९ साली सुरू झालेलं सेंट फ्रान्सिस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. मुंबईत ख्रिस्ती कॉलेज म्हटलं की लोकांना गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन आठवतं, नाहीतर धोबी तलावाजवळचं, १८६९ सालचं झेवियर्स. दगडी कमानी, उंच छतं, दीडशे वर्षांची नावं. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. मी २००३ साली दाखल झाले तेव्हा कॉलेजची पहिली तुकडी नुकतीच बाहेर पडली होती. मिरवायला परंपरा नव्हती. सीनियर होते आणि त्यांच्या जुन्या जर्नल्स होत्या. पहिल्या वर्षाला तेवढ्यावर भागतं.

घाटकोपरच्या भटवाडीतून रोज बोरिवलीला जायचं हे घरात कुणालाच पटलं नव्हतं. दादरला गाडी बदलायची आणि पुढे पश्चिम रेल्वेने वर सरकत राहायचं. त्या पुढच्या टप्प्यात सकाळी गर्दीच्या उलट दिशेने जाणं, म्हणून बसायला मिळायचं, एवढीच जमेची बाजू. आजीला अंतराचं काही नव्हतं. तिची शंका वेगळी होती. ‘पाद्र्यांचं कॉलेज ना ते?’ असं विचारून ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘दुसऱ्याच्या घरी जातेयस. पाहुण्यासारखी राहा. पाहुण्याने लाजून बसू नये, पण ताटात टाकूही नये. काय मांडलंय ते नीट बघावं.’

एक गोष्ट मला तिथे फार उशिरा उमगली. महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं शंभरात एकही भरत नाहीत. गाडीत, बँकेत, सोसायटीच्या सभेत ती जपून बोलतात. आपल्या सणाला सुट्टी मागताना आधी समजावून सांगतात. कॉलेजच्या फाटकाच्या आत हे पारडं उलटायचं. आम्ही हिंदू, जैन, मुसलमान मुलं मोजायला गेलं तर कमी नव्हतो. पण घर त्यांचं होतं. भिंतीवर कोण असावं, सकाळ कशाने सुरू व्हावी, डिसेंबरात काय बांधावं, हे ठरवायचा हक्क त्यांचा होता. बाहेर बहुसंख्य आणि आत पाहुणे, हे एकाच दिवसात दोन्ही असण्याचा योग या देशात फार थोड्यांच्या वाट्याला येतो. तो प्रत्येक बहुसंख्य माणसाला आयुष्यात एकदा तरी सक्तीने घडवावा असं माझं मत आहे. आमच्या बाबतीत तो प्रवेशाच्या यादीने घडवला.

तोवर मला ख्रिस्ती माणूस एकाच प्रकारचा असतो असं वाटायचं. हिंदी सिनेमाने तशी सोयच करून ठेवली होती. पहिल्या सत्रात ती सोय मोडली. वर्गात एक वसईची होती. तिच्या घरी कादोडी बोलत. एक गोराईची होती, ईस्ट इंडियन. एक गोव्याचा आणि एक मंगळूरचा, दोघेही घरी कोकणी बोलत आणि एकमेकांच्या कोकणीला हसत. आणि एक मुलुंडचा मल्याळी होता, सीरियन ख्रिस्ती. सेंट थॉमस इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला अशी त्यांची परंपरा सांगते, त्यामुळे वास्को द गामा त्याच्या लेखी काल आलेला होता. रोमन कॅथलिक कॉलेजात तोही थोडासा पाहुणाच. आमच्या ‘ते लोक’ या दोन शब्दांत पाच वेगवेगळी माणसं बसली होती आणि त्यांच्यात मासळी कशी करावी यावर कधीच एकमत होत नव्हतं.

गोराईच्या मैत्रिणीने ईस्ट इंडियन नावाचा उलगडा केला तेव्हा मी चकित झाले. तिचे लोक साष्टीचे मूळ रहिवासी, बोली मराठी, शेती आणि मासेमारी करणारे. पण १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव चालू असताना, त्यांनी हे नाव लावून घेतलं. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणारे ख्रिस्ती वाढत होते, त्यांच्यापासून आपण वेगळे, इथलेच आहोत हे सरकारला कळावं म्हणून. इथलेच आहोत हे सांगायला इंग्रजांच्या कंपनीचं नाव घ्यावं लागलं, यावर ती स्वतःच हसायची. तिच्या आईचं मराठी माझ्या आजीच्या मराठीच्या जितकं जवळ होतं तितकं माझंही नव्हतं.

वसईच्या मुलीच्या पिशवीत ‘सुवार्ता’ मासिक असायचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नाव मी पहिल्यांदा तिथे वाचलं. पुढे २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. मला त्या भुवयांचंच नवल वाटलं. फादर स्टीफन्सने ओव्यांमध्ये ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते छापून आलं १६१६ साली, तुकाराम अजून लहान होते तेव्हा. चारशे वर्षं ओसरीवर बसलेल्या माणसाला ‘आपण कोण?’ असं विचारणारे आपण मोठे धीराचे.

कॉलेज लहान होतं हे आमच्या सोबतीचं खरं कारण. मोठ्या कॉलेजात मैत्री निवडता येते; इथे ती वाट्याला यायची. कॅन्टीन एक, जिना ठरलेला, झेरॉक्सवाला एक. सकाळी ज्याच्याशी भांडण झालं तोच दुपारी प्रॅक्टिकलच्या गटात आणि संध्याकाळी स्टेशनच्या रिक्षात तिसऱ्या सीटवर. रुसवा टिकवायला जागाच नव्हती. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची फी राहिलीय, कुणाला गणित तिसऱ्यात नापास होऊन केटी लागलीय, हे लपायचं नाही. लहान जागेचा जाचही असतो. एका मुलीने वर्गाबाहेरच्या कुणाशी सूत जमवलं ते तिच्याआधी आम्हाला कळलं होतं, आणि त्याबद्दल आम्ही जे बोललो ते आज आठवलं तर बरं वाटत नाही. सहवास म्हणजे नुसता गोडवा असं लिहिणारे लोक बहुधा एकटे राहत असावेत.

आणि चोरी. ती सांगितल्याशिवाय इंजिनीअरिंगच्या सोबतीचं वर्णन पुरं होत नाही. पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंग शीटची ‘जीटी’ मारायची, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर जाड काच ठेवायची, खाली ट्यूबलाइट किंवा टेबललॅम्प लावायचा, काचेवर हुशार मुलाची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि उजेडात दिसणाऱ्या रेषा गिरवायच्या. आमची काच भाईंदरच्या एका जैन मित्राच्या घरची होती. त्याच्या आईच्या शोकेसचं दार. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात त्या दाराभोवती मालवणीचा मुसलमान, मुलुंडचा सीरियन, भटवाडीची मी आणि गोराईची ती, असे चौघे वाकलेले असायचो. शंकूचे छेद चौघांच्या कागदावर तंतोतंत एकसारखे आले तर पकडले जाऊ, म्हणून प्रत्येकाने एक रेषा मुद्दाम जाडी काढायची असा नियम होता. काचेचा मालक मात्र स्वतः कधी ट्रेस करत नसे. शीट त्याचीच असायची.

सकाळी प्रार्थना व्हायची, लहानशी. तिच्यात कुणाला ओढून घेतल्याचं मला आठवत नाही. उभं राहायचं, एवढंच. मी पहिल्या दिवशी आजीच्या सांगण्यावरून नीट ऐकली, तर तीत परीक्षा, आईबाप आणि आजारी माणसं होती. आमच्या देवघरात याहून वेगळं काही मागितलं जात नव्हतं. कॉलेज चालवणारे फ्रान्सिस्कन ब्रदर. ब्रदर म्हणजे पाद्री नाहीत हेही तिथेच कळलं. ते मिस्सा अर्पण करत नाहीत, कबुलीजबाब ऐकत नाहीत. व्रत घेतात, एकत्र राहतात आणि काम करतात, बहुतेक शिकवण्याचं. पाउलस मोरिट्झ या जर्मन ब्रदरने १९०१ साली हा संघ भारतात सुरू केला. वेदीवर उभा न राहणारा धार्मिक माणूस मला आवडला. त्याला भेटायला वेळ ठरवावी लागत नाही.

४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिसचा सण. एका वर्षी त्या दिवशीच्या भाषणात १२१९ सालची गोष्ट ऐकली. पाचवं धर्मयुद्ध चालू होतं. ख्रिस्ती सैन्याने इजिप्तमधल्या दमिएत्ता शहराला वेढा घातला होता. तेव्हा हा असिसीचा अनवाणी माणूस एका सोबत्याला घेऊन, हातात शस्त्र नसताना, रेषा ओलांडून सुलतान अल-कामिलच्या छावणीत गेला. सुलतानाने त्याला ठार करणं सोपं होतं. त्याने त्याचं ऐकून घेतलं आणि सुखरूप परत पाठवलं. कुणीच कुणाचा धर्म बदलला नाही, युद्धही थांबलं नाही. व्यवहारी नजरेने पाहिलं तर भेट फुकट गेली. आम्ही ते भाषण ऐकत होतो तेव्हा रमजान तोंडावर आला होता. माझ्या शेजारी बसलेला मालवणीचा मित्र पूर्ण भाषणभर वहीत सर्किट काढत होता. या गोष्टीला त्याचं पेन थांबलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, ‘यात हिरो तर सुलतान आहे.’ मला वाटतं त्याचं बरोबर होतं. न बोलावता आलेल्याला आत घेणाऱ्याची बाजू गोष्ट सांगणारे नेहमी घाईने आटपतात.

दुपारच्या सुट्टीत एका रिकाम्या वर्गात गिटार घेऊन प्रार्थनेचा गट जमायचा. एरवी त्यात पाचसहा जण. परीक्षा जवळ आली की गर्दी वाढे आणि वाढलेली सगळी गर्दी आमची असे. निकालाआधीच्या बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाला जाणारे आणि मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभे राहणारे तेच ते चेहरे. माहीमला मेणाच्या वस्तू वाहतात, घर हवं असेल तर मेणाचं घर, हात दुखत असेल तर मेणाचा हात. गणित तिसऱ्यासाठी काय वाहावं यावर मालाड ते माहीम चर्चा झाली होती. शेवटी साधी मेणबत्ती लावली. ज्याच्यासाठी लावली तो पास झाला. ज्याने लावली त्याला केटी लागली. २००५ च्या २६ जुलैच्या पुराची गोष्ट प्रत्येक मुंबईकराकडे असते, म्हणून मी माझी सांगत नाही. ही मेणबत्तीची मात्र माझ्याखेरीज कुणी सांगणार नाही.

डिसेंबरात गोठा. ख्रिस्तजन्माचा देखावा, गाय-बैल, गवत, मेंढपाळ. हा देखावा पहिल्यांदा मांडला फ्रान्सिसनेच, १२२३ च्या नाताळात, इटलीतल्या ग्रेच्चो गावात, खरा बैल आणि खरं गाढव आणून. त्याच्या नावाच्या कॉलेजात गोठा साधा कसा असेल? वसईच्या मुलीला यातलं सगळं कळत होतं. वसईत गोठ्यांच्या स्पर्धा लागतात आणि तिथे पोरं महिनाभर आधीपासून खपतात. तिने गवत, गोणपाट आणि माती यांची यादी काढली. विजेचं काम इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे आलं. लॅमिंग्टन रोडवरून ५५५ टायमरच्या आयसी, रेझिस्टर आणि कपॅसिटर आले. कपॅसिटर भरायला आणि रिकामा व्हायला जो वेळ घेतो त्यावर दिवा किती वेळ पेटलेला राहणार ते ठरतं. हे सूत्र आम्हाला पाठ होतं आणि कशासाठी आहे ते माहीत नव्हतं. बेथलेहेमच्या ताऱ्यासाठी आहे हे त्या डिसेंबरात कळलं. पहिला तारा भीतीदायक वेगाने लुकलुकला, पोलीस गाडीच्या दिव्यासारखा. भाईंदरच्या मित्राने कपॅसिटर बदलून त्याला शांत केलं. चांदणीचा सांगाडा माझ्याकडे होता, कारण भटवाडीत दिवाळीचे आकाशकंदील मी लहानपणापासून केले होते. बांबूच्या काड्या त्याच, खळ तीच. कागद तेवढा पांढरा. मालवणीच्या मित्राने मेंढ्या केल्या आणि त्या चांगल्या झाल्या. बकरी ईदच्या आधी मेंढ्या-बकऱ्या इतक्या जवळून बघतो म्हणाला, की चेहरा चुकणार कसा.

या गोठ्याच्या कामात यजमान आणि पाहुणे यांच्यातली रेघ पुसली गेली असं लिहिण्याचा मोह होतो. तसं झालं नाही. बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवायची वेळ आली तेव्हा आम्ही सगळे आपोआप एक पाऊल मागे सरलो आणि वसईच्या मुलीने ती ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. ते मागे सरणं मला त्या चार वर्षांतलं सर्वांत सुसंस्कृत कृत्य वाटतं.

आता त्या लेण्यांकडे यायला हवं. जर्नल लिहायला जागा हवी, आणि कॅन्टीनमध्ये चहा घेतल्याशिवाय बसू देत नाहीत, म्हणून आम्ही मंडपेश्वरला जायचो. सहाव्या ते आठव्या शतकाच्या दरम्यान कधीतरी कोरलेलं हे शैव लेणं. नेमका काळ कोणता यावर अभ्यासकांत वाद आहेत. आत खांबांचा प्रशस्त मंडप, झिजलेला नटराज, शिवपार्वतीचं लग्न, गाभाऱ्यात पिंड. आज तिथे पूजा होते आणि महाशिवरात्रीला रांग लागते. पण एका भिंतीवर दगडात कोरलेला मोठा क्रूसही आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणी नंतर रंगाने काढला असेल. हात लावला तर दगडच.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर आन्तोनिओ दो पोर्तो नावाचा फ्रान्सिस्कन इथे आला. याच माणसाने कान्हेरीच्या मोठ्या चैत्यालाही सेंट मायकेलचं चर्च करून टाकलं. मंडपेश्वरच्या मूर्ती झाकल्या गेल्या, मंडपात प्रार्थना सुरू झाली आणि वरच्या कातळावर मठ आणि कॉलेज उभं राहिलं. पोर्तुगालच्या राजाच्या पैशावर चालणारं, नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या मुलांसाठी. म्हणजे आमच्या कॉलेजच्या साडेचारशे वर्षं आधी, त्याच टेकडीवर, त्याच संताच्या नावाने जगणाऱ्या माणसांचं एक छोटं ख्रिस्ती कॉलेज होतं. त्यातल्या मुलांबद्दल मी खूप विचार केला आहे. ती काय खात असतील, कुणाची नक्कल करून हसत असतील, लॅटिनची घोकंपट्टी एकमेकांकडून कशी उतरवून घेत असतील. मैत्र्या तिथेही झाल्याच असणार. पोरं एकत्र कोंडली की होतातच. पण त्यातल्या कुणाच्या आजोबांनी खालच्या मंडपात बेल वाहिला असेल, आणि नातू बरोबर त्याच्या डोक्यावर बसून नवा देव शिकत असेल. त्याला खाली काय झाकलंय हे सांगायची परवानगी कुणाला असेल?

त्या कॉलेजाला मी आमच्या कॉलेजचा पूर्वज मानत नाही. तिथे पाहुणा न विचारता घरात शिरला आणि त्याने यजमानाला स्वतःच्याच ओसरीवर शिष्य करून बसवलं. झाकल्यामुळेच मूर्ती वाचल्या असा युक्तिवाद कधीकधी ऐकू येतो. तो मला पटत नाही. वाचवायला म्हणून कुणी झाकत नसतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, वरचं छप्पर पडलं. खाली शिव पुन्हा उजेडात आला. इतिहासाचा हिशेब इथे पुरा झाला असं म्हणणारेही भेटतात, विशेषतः शिवरात्रीच्या रांगेत. गोराईच्या मैत्रिणीला मी एकदा तिथेच, खांबाला टेकून बसलेलं असताना विचारलं, हे सगळं बघून तुला काय वाटतं? ती मायक्रोप्रोसेसरची असाइनमेंट उतरवत होती. मान वर न करता म्हणाली, ‘आमचं सगळं इथंच आहे. वरचंही आणि खालचंही.’ आणि पुढचं पान मागितलं.

मी त्या उत्तरावर अजून थांबलेली आहे. तिच्या पूर्वजांना कुणी बाटवलं असेल, कुणी भीतीने गेलं असेल, कुणी भाकरीसाठी, कुणी खरंच मनापासून. तिला त्यातला एकही नाकारायचा नव्हता. ज्याला एकच बाजू सांभाळायची असते त्याचं सोपं असतं.

रेल्वे रुळांच्या पलीकडे, राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीला याहून जुनी सोबत होऊन गेली. शंभराहून जास्त लेणी, भिक्खूंच्या खोल्या, दगडी बाक, पाण्याच्या टाक्या. तो एक मोठा शिकण्याचा मठच होता. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दाने दिल्याचे लेख तिथे आहेत. पण मला सर्वांत आवडतो तो नव्वद क्रमांकाच्या लेण्यातला पहलवी मजकूर. १००९ आणि १०२१ साली काही पारशी माणसं तिथे आली आणि भिंतीवर आपली नावं, दिवस, महिना कोरून गेली. अग्निपूजक माणसं बौद्ध विहार बघायला आली, बघितलं, हजेरी लावली, परत गेली. घर बांधलं नाही, काही झाकलं नाही. आजीला ही माणसं पसंत पडली असती, भिंतीवर नाव कोरल्याबद्दल एक वाक्य ऐकवून.

आम्ही खरे पाहुणे झालो ते गोराईला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताचा सण. शेतातल्या लोंब्या मिरवत चर्चमध्ये नेतात, आशीर्वाद घेतात, आणि मग गावभर जेवणं. बोरिवलीहून बसने खाडीपर्यंत, पुढे होडी. होडीत पहिल्यांदाच बसलेला मुलुंडचा मित्र पूर्ण वेळ तोंड मिटून होता. मैत्रिणीच्या घरात लाल लुगडं नेसलेली आजी ओट्यावर बसून आमची नावं आणि गावं विचारत होती. जात विचारली नाही, पण गाव विचारून ती काय ते काढत होती, आमच्याकडे काढतात तशीच. तांदळाची भाकरी, फुगे, बाटली मसाल्यातलं मटण. बाटली मसाला मे महिन्यात कुटून वर्षभरासाठी बाटल्यांत ठासून भरतात, आणि कुठल्या घरात कोणते जिन्नस पडतात ते शेजारणीलाही सांगत नाहीत.

भाईंदरच्या मित्रासाठी तिच्या आईने सकाळीच, बाकी काही चुलीवर चढण्याआधी, वेगळ्या भांड्यात साधा भात आणि वरण करून ठेवलं होतं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. त्याने घाबरत विचारलं, ‘भांडं?’ ती म्हणाली, ‘नवं आहे, बाय सांगून गेलेली.’ त्याच्यासाठी नवं पातेलं विकत आणलं होतं. तो जेवला आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या घरी गोराईची मैत्रीण जायची तेव्हा तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच मुभा होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिलाही. त्या रविवारनंतर त्याने घरी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. एवढं खरं की पुढच्या सबमिशनला शोकेसच्या काचेवर आम्ही वाकलो होतो तेव्हा चहाचे कप ती आतून घेऊन आली.

आता घाटकोपरहून तिथे जायला दादर लागत नाही. मेट्रोने डी. एन. नगर, तिथून पादचारी पुलाने अंधेरी पश्चिम, आणि तिथून दुसऱ्या मेट्रोने वर. २०२२ च्या गुढीपाडव्याला ही मार्गिका अर्धी सुरू झाली, पुढच्या जानेवारीत पुरी. कॉलेजजवळच्या स्टेशनचं नाव मंडपेश्वर. उतरणारे बहुतेक जण अजून आयसी कॉलनीच म्हणतात. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावरून दोन दिवस जुंपली होती. लेणं आधीचं, म्हणून मंडपेश्वर बरोबर, असं मी म्हटलं. वसईची म्हणाली, मग वसाहत ज्यांनी वसवली त्यांचं काय. मुलुंडच्याने इसवी सन ५२ काढलं. मालवणीच्या मित्राने दुबईहून सुलतानाचा अंगठा दाखवणारा स्टिकर पाठवला. गोराईचीने वादात भागच घेतला नाही. दुसऱ्या रात्री तिचा मेसेज आला: आगेऱ्याला येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं, होडीला गर्दी असते म्हणून लवकर निघावं, येताना मिठाई आणू नये, रिकामे डबे आणावेत. आणि शेवटी, भाईंदरच्यासाठी वेगळी ओळ: पातेलं तेच आहे, दुसरं कुणी वापरलेलं नाही, बायकोलाही घेऊन ये.